औषधाच्या बॅगेकडून नमुन्याच्या पेटीकडे

व्यापाऱ्याचे खरे भांडवल कोणते, असा प्रश्न कोणी केला तर आपल्याकडील जुनी माणसे 'पत' या एका शब्दात उत्तर देत असत. माल बदलतो, बाजारपेठ बदलते, राज्येही बदलतात. परंतु कष्टाने मिळविलेली पत एका व्यवसायातून दुसऱ्या व्यवसायात बरोबर नेता येते. इंदूर शहर हे याचे उत्तम उदाहरण होय. होळकरांच्या अमदानीत येथे अफू आणि कापूस यांचा मोठा व्यापार चाले. पुढे सर सेठ हुकुमचंद यांच्यासारख्या धाडसी पुरुषांनी व्यापारात मिळविलेला पैसा आणि पत कापडगिरण्यांत घातली. गिरण्यांचा काळ ओसरला, 1991 साली हुकुमचंद मिल बंद पडली. आणि तोवर पिथमपूरचे कारखाने व शहरातील दवाबाजार यांनी पुष्कळ घरांना नवा उद्योग मिळवून दिला होता.

त्या औषधाच्या व्यवसायातूनच आता आणखी एक वाट फुटली आहे. औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून चार-सहा वर्षे डॉक्टरांचे दवाखाने हिंडलेला तरुण एके दिवशी घरी येऊन सांगतो, की आपण रोगनिदान करणाऱ्या प्रयोगशाळेत 'अकाउंट मॅनेजर' म्हणून जात आहोत. वडील मंडळींस हा शब्द ऐकून वाटते, की मुलगा आता हिशेब लिहावयास बसणार. वस्तुतः तसे नाही. हा व्यवसाय काय आहे, औषध-विक्रीहून तो कोठे वेगळा आहे, आणि त्यात उतरणाऱ्याने कोणती गोष्ट प्राणापलीकडे जपावयास हवी, याचा विचार सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

राऊचे स्थान

या विषयाचा विचार राऊ येथून करण्यास कारण आहे. इंदूरपासून सुमारे 12 किलोमीटरवर, इंदूर आणि महू यांच्या दरम्यान, आग्रा–मुंबई रस्त्यावर वसलेले हे गाव एके काळी लहानसे स्टेशन म्हणून लोकांस ठाऊक होते. आज त्याच्या एका अंगास इंदूरची इस्पितळे, 1948 साली स्थापन झालेले महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आणि दवाबाजार आहेत, तर दुसऱ्या अंगास महूची छावणी आणि पिथमपूरची औद्योगिक वसाहत. 1996 साली स्थापन झालेली भारतीय प्रबंध संस्था राऊ–पिथमपूर रस्त्यावर उभी आहे. औषधाच्या रिकाम्या कॅप्सूल बनविणाऱ्या मेडी-कॅप्स या उद्योगाच्या नावाची शिक्षणसंस्थाही राऊजवळ पिगडंबर येथे असून, 2000 साली अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून निघालेल्या त्या संस्थेचे पुढे विद्यापीठ झाले. औषधनिर्मिती, औषधविक्री, रुग्णसेवा आणि व्यवस्थापनाचे शिक्षण ही चारही अंगे जेथून तासा-दीड तासात गाठता येतात, अशी गावे थोडी. साहजिकच राऊस बिऱ्हाड करून सकाळी इंदूरचे डॉक्टर आणि दुपारी महूचे दवाखाने गाठणे औषध-प्रतिनिधीस सोयीचे पडते. आणि तोच रस्ता नमुन्याची पेटी घेऊन फिरणाऱ्यासही उपयोगी पडतो.

औषध-प्रतिनिधीचे काम

औषध-प्रतिनिधी म्हणजेच 'एम. आर.' याचे काम आपणांपैकी अनेकांच्या घरांत परिचयाचे आहे. महिन्याचा दौरा आधी ठरलेला असतो. दररोज दहा-बारा डॉक्टरांना भेटावयाचे, दोन-चार मिनिटांत औषधाचे गुण सांगावयाचे, औषधाच्या दुकानात जाऊन माल उठतो की नाही ते पाहावयाचे, स्टॉकिस्टकडील शिल्लक तपासावयाची आणि रात्री दिवसाचा रिपोर्ट पाठवावयाचा. महिनाअखेरीस 'टार्गेट' पुरे झाले तर ठीक, नाही तर साहेबांचे बोलणे ठरलेले. या वर्गाच्या नोकरीस काही स्थैर्य यावे म्हणून 1976 साली संसदेने विक्री-संवर्धन कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा स्वतंत्र कायदा केला होता, यावरून हे काम किती अस्थिर मानले जात होते ते दिसते.

या कामाचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवावयास हवे. प्रतिनिधी ज्या गोळीविषयी बोलतो ती गोळी कारखान्यात तयार झालेली, तपासलेली आणि पाकिटात बंद झालेली असते. तिच्यावर घाणा क्रमांक, निर्मितीची तारीख, मुदत आणि किंमत छापलेली असते. प्रतिनिधी दिवसभर कितीही घाईत असो, थकलेला असो, त्याच्या हातून त्या गोळीतील औषध एका मिलिग्रॅमनेही कमी-जास्त होत नाही. त्याचे शब्द चुकू शकतात. पण माल बंद आहे.

अलीकडे या व्यवसायाची जुनी रीतही बदलत चालली आहे. डॉक्टरांना भेटी देऊन मर्जी संपादन करण्याचा जो मार्ग वर्षानुवर्षे चालला, त्यास दोन बाजूंनी आळा बसला. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका औषध कंपनीच्या आयकर प्रकरणात असा निर्णय दिला, की डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून वजा करता येणार नाही. त्यानंतर मार्च 2024 मध्ये केंद्र शासनाने औषधांच्या विपणनाची आचारसंहिता जाहीर केली. तीत डॉक्टरांना व त्यांच्या कुटुंबीयांना वैयक्तिक भेटी देण्यास मनाई असून, मोफत नमुन्यांसही मर्यादा आहे: एका औषधाची एका डॉक्टरास वर्षातून 12 पाकिटे, प्रत्येक पाकीट तीन रुग्णांपुरते, आणि एकूण नमुन्यांची किंमत कंपनीच्या देशांतर्गत विक्रीच्या दोन टक्क्यांच्या आत. ज्यांनी ज्ञानाच्या आणि सचोटीच्या बळावर काम केले, त्यांना या बंधनांचे भय नाही; परंतु भेटीच्या पिशवीवर भिस्त ठेवणाऱ्यांस आता दुसरा विचार करावा लागत आहे.

औषधवाल्यांनी काढलेल्या प्रयोगशाळा

औषधाकडून प्रयोगशाळेकडे जाण्याची ही वाट केवळ नोकरदारांनी शोधलेली नाही. मोठमोठ्या कंपन्याही तिनेच गेल्या आहेत. रॅनबॅक्सी हे औषधाच्या धंद्यातील एके काळचे अग्रगण्य नाव. त्या घराण्याने 1995 साली स्पेशालिटी रॅनबॅक्सी या नावाने तपासणी-प्रयोगशाळेचा व्यवसाय सुरू केला. 'एस. आर. एल.' या अद्याक्षरांनी ती सर्वत्र ओळखली गेली आणि 2023 साली तिने एजिलस डायग्नोस्टिक्स असे नाव घेतले. देशबंधु गुप्ता यांनी 1968 साली स्थापन केलेल्या ल्युपिन कंपनीचा एक कारखाना आपल्या पिथमपूर येथेच आहे. तिनेही डिसेंबर 2021 मध्ये रोगनिदानाच्या क्षेत्रात प्रवेश करून नवी मुंबईत मोठी प्रयोगशाळा उभारली.

महाराष्ट्रात या व्यवसायाची वाढ दुसऱ्या दिशेनेही झाली. मुंबईत डॉ. सुशील शहा यांनी 1981 साली स्वतःची पॅथॉलॉजी प्रयोगशाळा काढली. तीच पुढे मेट्रोपोलिस झाली आणि 2001 पासून त्यांच्या कन्या अमीरा शहा यांनी तिचा विस्तार केला. तुर्भे-भायखळ्याच्या परिसरात नावारूपास आलेल्या थायरोकेअरची कथा तर अधिकच बोधप्रद आहे. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरी करणाऱ्या डॉ. ए. वेलुमणी यांनी ती नोकरी सोडून मुख्यतः थायरॉइडच्या तपासण्या कमी दरात करण्याचे ठरविले, आणि गावोगावचे नमुने रात्रीच्या विमानाने एका जागी आणून तपासण्याची पद्धत बसविली. 2021 साली औषधे घरपोच विकणाऱ्या फार्मइझीच्या पालक कंपनीने थायरोकेअरचा बहुतांश हिस्सा विकत घेतला. म्हणजे कधी औषधवाल्याने प्रयोगशाळा काढली, तर कधी औषधवाल्याने प्रयोगशाळा विकत घेतली. अशा वेळी औषधाच्या बाजारात तयार झालेल्या माणसांस प्रयोगशाळांकडून मागणी यावी, यात नवल नाही. कोणता डॉक्टर केव्हा भेटतो, कोणत्या नर्सिंग होममध्ये खरा शब्द कोणाचा चालतो, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

उघडा माल

मात्र येथे येताच पहिला धडा शिकावा लागतो तो हा, की प्रयोगशाळेचा माल बंद पाकिटात येत नाही. आधी विक्री होते आणि मग माल तयार होतो. आणि त्याचा कच्चा माल असतो रुग्णाचे रक्त.

राऊच्या एखाद्या लहान इस्पितळात सकाळी आठ वाजता घेतलेला नमुना इंदूरच्या किंवा मुंबईच्या यंत्रावर चढेपर्यंत त्याच्यावर काय काय प्रसंग येऊ शकतात ते पाहावे. रक्तपेशींच्या मोजणीसाठी जांभळ्या झाकणाची नळी लागते. रक्त गोठण्याच्या तपासणीस फिकट निळ्या झाकणाची नळी लागते. तीत एक भाग द्रव आणि नऊ भाग रक्त असे प्रमाण ठरलेले असल्याने खुणेपर्यंत रक्त भरले नाही तर उत्तर चुकते. साखरेसाठी करड्या झाकणाची नळी असते, कारण साध्या नळीत तसेच ठेवलेले रक्त स्वतःच आपल्यातील साखर खाऊ लागते आणि तासाला सुमारे पाच ते सात टक्के साखर कमी होते. मधुमेही मनुष्याचा नमुना उन्हाळ्याच्या दिवसांत चार तास बाकावर पडून राहिला, तर रिपोर्ट त्यास निरोगीही ठरवू शकेल! सुई ओढताना रक्तपेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते, आणि नसलेल्या विकारावर उपचार सुरू होण्याचा धोका उत्पन्न होतो. बिलिरुबिनच्या नमुन्यास उजेड बाधतो. नळीवरील चिठ्ठी बदलली, तर एकाचा रोग दुसऱ्याच्या नावावर जातो.

प्रयोगशाळेतील चुकांपैकी बहुतेक चुका यंत्रात होत नाहीत, नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्यापूर्वी होतात, असे या शास्त्राचे अभ्यासक सांगतात. हा पूर्वार्धच अकाउंट मॅनेजरच्या देखरेखीखाली येतो. नमुना घेणाऱ्या परिचारिकेस योग्य नळ्या मिळाल्या काय, नेणारा मुलगा वेळेवर आला काय, पेटीतील थंडावा राहिला काय, रिपोर्ट कबूल केलेल्या वेळी गेला काय, आणि एखादा आकडा रुग्णाच्या जिवावर बेतणारा आढळला तर डॉक्टरांस तत्काळ दूरध्वनी झाला काय, हे सर्व त्यास पाहावे लागते. औषध-प्रतिनिधीचे काम डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली की संपते. याचे काम चिठ्ठी लिहिल्यावर सुरू होते.

वजनमापाचा न्याय

आपण व्यापारी तराजू जाणतो. दुकानातील वजनास शासनाचा शिक्का असतो आणि ठरावीक मुदतीने ते पुन्हा तपासून घ्यावे लागते. प्रयोगशाळेतही हाच न्याय आहे. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा प्रमाण-द्रव रोज यंत्रावर चालवून पाहतात. उत्तर ठरलेल्या मर्यादेत आले तरच रुग्णांचे नमुने लावतात. शिवाय बाहेरच्या संस्थेकडून आलेले अज्ञात नमुने तपासून आपली उत्तरे इतर प्रयोगशाळांच्या उत्तरांशी ताडून पाहावयाची असतात. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज असे कार्य दीर्घकाळ करीत आले आहे. 'एन. ए. बी. एल.' ही राष्ट्रीय संस्था आय. एस. ओ. 15189 या आंतरराष्ट्रीय मानकास धरून प्रयोगशाळांना मान्यता देते. येथे एक बारकावा आहे. ही मान्यता सरसकट प्रयोगशाळेला नसते, तर यादीत दिलेल्या ठरावीक तपासण्यांना असते. म्हणून भिंतीवरचे प्रमाणपत्र पाहून न थांबता यादी पाहावी, असे आम्ही सुचवितो.

तराजूची उपमा मात्र एका ठिकाणी अपुरी पडते. किराणा मालाचे गिऱ्हाईक घरी जाऊन साखर पुन्हा तोलू शकते. रुग्णास आपले रक्त पुन्हा तोलता येत नाही. कागदावर छापलेला आकडा खरा मानण्यावाचून त्यास गत्यंतर नसते. यामुळेच या धंद्यातील नीच माणसांनी नमुना न तपासताच रिपोर्ट लिहून देण्याचा आणि रक्त मोरीत ओतण्याचा मार्ग काढला. बाजारात त्यास 'सिंक टेस्ट' असे नाव आहे. ज्या व्यवहारात गिऱ्हाइकास माप तपासता येत नाही, तेथे विक्रेत्याची सचोटी हेच एकमेव माप उरते.

खाते आणि उगाई

आता व्यवहाराची बाजू. 'अकाउंट' म्हणजे आपले जुने 'खाते'च. एखादे नर्सिंग होम, लहान प्रयोगशाळा, इस्पितळ किंवा कारखाना हे एकेक खाते. त्यांच्याशी दर ठरविणे, नमुने उचलण्याची वेळ बांधणे, तक्रार निवारणे, महिन्याचे बिल देणे आणि पैसे वसूल करणे ही कामे एकाच माणसाकडे असतात. पेढीवरील मुनीम जसा आडतीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाची नाडी ओळखून असे, तसाच हा एक फिरता मुनीम होय.

औषधात कंपनीचे पैसे स्टॉकिस्टकडून येतात. प्रतिनिधीस डॉक्टरांकडे पैसे मागावे लागत नाहीत. येथे मात्र ज्या डॉक्टरांकडे काम मागावयाचे, त्यांच्याकडेच उगाईसही जावयाचे. समजा, एका इस्पितळाचे महिन्याचे काम 1 लक्ष रुपयांचे आहे आणि बिल 90 दिवसांनी चुकते होते. म्हणजे त्या एका खात्यात प्रयोगशाळेचे 3 लक्ष रुपये सदैव गुंतून पडले. अशी दहा खाती असली तर 30 लक्ष. इकडे तपासणीची रसायने मुदतीची असतात. मुदत संपताच ती फेकावी लागतात. रोगनिदानाच्या सेवेवर 2017 पासून वस्तू व सेवा कर माफ आहे खरा. परंतु त्यामुळेच खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही प्रयोगशाळेस मिळत नाही, तो खर्चातच मिळतो. तेव्हा नुसते बिल वाढवून दाखविणारा माणूस मालकाचे कल्याण करीत नाही. वसूल झाला तो धंदा, बाकीचा कागद, ही आपल्या वाडवडिलांची शिकवण येथे तंतोतंत लागू पडते.

पिथमपूरच्या सान्निध्यामुळे आपल्या भागात कारखान्यांची खातीही मिळू शकतात. धोक्याच्या प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांतील कामगारांची ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी करण्याचे बंधन कायद्याने मालकांवर घातले आहे. शेकडो कामगारांचे नमुने पाळीच्या वेळा सांभाळून एका सकाळी घेणे, हे औषधविक्रीत न शिकलेले पण सुव्यवस्थित माणसास सहज साधणारे काम आहे.

बाराशे रुपयांचा धनादेश

आता ज्या गोष्टीविषयी लोक दबक्या आवाजात बोलतात, तिचा उल्लेख स्पष्टपणे केला पाहिजे. रुग्ण पाठविल्याबद्दल डॉक्टरांस प्रयोगशाळेकडून मिळणारा हिस्सा, ज्यास बाजारात 'कट' म्हणतात, तो भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनी निषिद्ध ठरविला आहे. आणि तपासणीसाठी नमुने पाठविण्याच्या व्यवहारासही तो निषेध लागू असल्याचे त्या नियमांत स्वतंत्रपणे म्हटले आहे. तरीही हा रोग गेलेला नाही.

महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे नाव विंचूदंशावरील उपचारांच्या संशोधनामुळे जगभर गेले. त्यांना 2013 च्या सुमारास एका तपासणी केंद्राकडून 1,200 रुपयांचा धनादेश आला. त्यांनी एका रुग्णास तपासणीसाठी पाठविले होते, त्याचा तो मोबदला होता. रक्कम लहान होती. खिशात घातली असती तर कोणास कळलेही नसते. डॉ. बावस्करांनी ती परत केली आणि प्रकरण महाराष्ट्र वैद्यक परिषदेपुढे नेले. त्यातून उठलेल्या चर्चेनंतर 2017 साली महाराष्ट्र शासनाने निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून अशा व्यवहारांविरुद्ध कायद्याचा मसुदा करविला. 2022 साली डॉ. बावस्करांचा पद्मश्री देऊन गौरव झाला.

नव्याने या कामात पडणाऱ्या तरुणाची खरी परीक्षा येथेच आहे. 'समोरची लॅब इतके देते, तुम्ही किती द्याल?' हा प्रश्न त्यास विचारला जाणार, याची खूणगाठ त्याने बांधावी. देणारा म्हणतो, यात रुग्णाचे काय जाते? आमचे उत्तर असे, की हा हिस्सा आकाशातून पडत नाही. एक तर रुग्णाच्या बिलात तो चढतो, नाही तर तपासणीच्या दर्जातून कापला जातो. आणि अनावश्यक तपासण्या लिहिण्याचा मोह तो निराळाच. असे खाते गेले तरी चालेल. कारण पैशाने बांधलेले खाते अधिक पैसा देणाऱ्याकडे एका दिवसात जाते. वेळेवर आणि खऱ्या रिपोर्टाने बांधलेले खाते सहजासहजी हलत नाही. खराब झालेला नमुना आला, की 'हा चालणार नाही, पुन्हा घ्यावा लागेल' असे सांगण्याचे धैर्य ज्याच्या अंगी आहे, त्याच्यावर डॉक्टर त्या दिवशी रागावतील. पण पुढे त्याच्याच शब्दावर विसंबतील.

तरुणांस चार शब्द

या बदलास इच्छुक असलेल्यांनी नेमणुकीचे पत्र स्वीकारण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. प्रयोगशाळेच्या कोणत्या तपासण्यांना मान्यता आहे? कोणत्या तपासण्या ती स्वतः करते आणि कोणत्या बाहेर पाठविते? नमुना नाकारण्याचा अधिकार कोणाचा? बक्षिसी बिलाच्या रकमेवर मिळते की वसुलीवर? आणि 'कट' विषयी मालकाचे धोरण काय? शेवटच्या प्रश्नास जो मालक हसून बगल देईल, त्याच्या पगाराचा आकडा कितीही मोठा असला तरी तेथे जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

औषधविक्रीत मिळविलेले गुण येथे वाया जात नाहीत. वक्तशीरपणा, डॉक्टरांशी अदबीने व नेमके बोलण्याची सवय, नकार पचविण्याची शक्ती, उन्हातान्हात हिंडण्याची तयारी, ही शिदोरी बरोबर न्यावी. महिनाअखेरीस स्टॉकिस्टच्या गळ्यात माल बांधून आकडा पुरा करण्याची सवय मात्र जुन्या बॅगेतच ठेवून यावे. कारण रक्ताचा नमुना गोदामात भरून ठेवता येत नाही. मान ताठ ठेवून प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांजवळ बसावे, नळ्यांचे रंग आणि तपासण्यांच्या वेळा शिकून घ्याव्यात, आणि न समजलेल्या गोष्टीस 'विचारून सांगतो' असे उत्तर द्यावे.

वडील मंडळींनीही मुलाने दुकानाची गादी सोडली म्हणून खंत करू नये. इंदूर, राऊ आणि महू यांच्या दरम्यान नमुन्याची पेटी घेऊन फिरणारा हा तरुण आपल्याच पेढीची परंपरा चालवीत आहे, मात्र त्याच्या तराजूत आता धान्य आणि कापूस यांच्या जागी परक्या माणसाचा जीव आहे. ते पारडे त्याने समतोल ठेवले, तर पूर्वजांनी मिळविलेली पत त्याच्या हाती सुरक्षित राहील आणि पुढील पिढीस वाढवून देता येईल, असा आम्हांस पूर्ण विश्वास वाटतो.